रेवणप्पाला दिली तीच सुई

मित्रांनो, ईटच्या शाळेत विज्ञानाच्या खोलीतलं कपाट तुम्ही पाहिलंच असेल. त्यात तिसऱ्या फळीवर, भिंगाच्या शेजारी जी जाड काचेची पिचकारी ठेवली आहे, ती मी. इंजेक्शन द्यायची पिचकारी. तुमच्यातलं कुणी मला बघून म्हणतं, "बापरे, केवढी मोठी!" कुणी म्हणतं, "हिनं किती जणांचे जीव वाचवले असतील!" ते ऐकलं की कुठं तोंड लपवावं कळत नाही. म्हणून आज ठरवलं, माझी हकिकत जशी घडली तशी सांगायची. तिच्यात अभिमानाच्या जागा थोड्या आहेत आणि लाजेच्या जास्त.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. भट्टीत वितळलेली काच कारागिरानं ओढून तिची नळी केली. आत सरकणारा दट्ट्याही काचेचाच. तो माझ्या नळीत इतका बारीक घासून बसवला, की दुसऱ्या कुठल्या पिचकारीला तो चालू नये. मग बोटीतून मुंबई आणि मुंबईहून आगगाडीनं सोलापूर. तिथल्या औषधांच्या दुकानात डॉक्टर विरुपाक्षांनी मला उचललं, उजेडापुढं धरलं, दट्ट्या दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "हीच द्या."

डॉक्टर तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे होते. हैदराबादला शिकून आलेले. तिथं डॉक्टरी उर्दूतून शिकवत, म्हणून त्यांच्या वहीत रोगांची नावं उर्दूत असायची. देवापुढं बसले की कन्नड आणि रोग्यांशी बोलताना मराठी. आपला सगळा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. नळदुर्गला, सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यालगत, त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. गावाच्या अलीकडं करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. इंग्रजांच्या मुलखातून येणारी प्रत्येक गाडी तिथं थांबायची आणि मगच पुढं सुटायची.

दवाखान्यात गोरोबा नावाचे कंपाउंडर होते. चाळिशी उलटलेले, अक्षरओळख बेताची, पण हात फार स्वच्छ. मला उकळायचं काम त्यांचं. सकाळी स्टोव्ह पेटवायचा, पातेल्यात मला नळी वेगळी, दट्ट्या वेगळा, सुई वेगळी अशी ठेवायची आणि पाण्याला खळखळून उकळी आली की घड्याळात बघायचं. प्रत्येक रोग्यानंतर पुन्हा तेच. डॉक्टरांचा तसा दंडकच होता. ते म्हणत, "गोरोबा, डोळ्याला दिसत नाही ते सगळ्यात वाईट."

हिवतापाच्या दिवसांत माझ्यातून किती जणांना कोयनेल, म्हणजे क्विनीन, गेलं, त्याची मोजदाद नाही. पोरं मला बघून रडायची, मोठी माणसं तोंड फिरवायची, पण चार दिवसांनी तीच माणसं हसत रस्त्यानं जाताना दिसायची. त्या काळात मी खरोखर सुखी होते.

मग रेवणप्पा आले.

रेवणप्पांचा बोरी नदीच्या कडेला पानमळा होता. विड्याची पानं तुळजापूरच्या बाजाराला जायची. पन्नाशीचा उंच माणूस, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. पण त्या दिवशी बायकोच्या, पार्वतम्माच्या खांद्यावर हात टाकून आत आला. अंगरखा अंगावर लोंबत होता.

"उजव्या बरगडीखाली गोळा हाय डाक्टर," ते म्हणाले. "खाल्लेलं पचंना, आन रातंदिस ठणकतंय."

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. बरगडीच्या खाली चार बोटं यकृत उतरलेलं होतं, आणि ते दगडासारखं, गाठीगाठींचं लागत होतं. त्यांनी चिठ्ठी देऊन रेवणप्पांना सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं पाठवलं. तिथं पोट उघडून पाहिलं, तुकडा काढून तपासला आणि पोट पुन्हा शिवलं. यकृताचा कॅन्सर. फार तर तीन महिने.

विरुपाक्षांनी पार्वतम्माला समोर बसवून सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. ती बाई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "दुखू नये एवढं करता येईल का?"

"तेवढं मी करीन," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून एक दिवसाआड माझ्यातून रेवणप्पांना दुखणं शमवायचं औषध जाऊ लागलं.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. घासलेट मिळेनासं झालं होतं. गोरोबा बाटली घेऊन दुकानासमोर उभे राहायचे आणि कधी पावशेर, कधी काहीच न घेता परत यायचे. पौषातला एक दिवस मला आजही लख्ख आठवतो. दवाखाना भरून गेला होता. सकाळी एका गाडीवानाला आणलं होतं. त्याच्या दंडाला धावरं झालं होतं. धावरं म्हणजे कातडीचा एक रोग. अंग लालभडक होतं, तापतं आणि ती लाली आगीसारखी पसरत जाते. डॉक्टरांनी त्याच्या दंडावरच्या फोडातलं पाणी माझ्यानं ओढून काढलं आणि मला ताटलीत ठेवलं. तेवढ्यात बाहेरून पार्वतम्माचा आवाज आला. रेवणप्पा बाकावर वाकून कण्हत होते.

गोरोबा स्टोव्हला पंप मारत होते. स्टोव्ह फुसफुसला आणि विझला. टाकीत थेंब नव्हता.

"डाक्टरसाब, जरा थांबा. शेजारच्या चुलीवर ठिवून आणतो."

"किती वेळ?"

"पानी तापायचं, उकळायचं... अर्धा तास तरी."

बाहेर रेवणप्पा ओरडले. डॉक्टरांनी मला उचललं, कोमट पाण्यानं दोनदा धुतलं, सुई स्पिरिटनं पुसली.

"डाक्टरसाब, उकळली न्हाय ती."

"स्पिरिट लावलंय. चल, त्यांना आत घे."

मित्रांनो, दट्ट्या आणि नळी यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत त्या गाडीवानाच्या फोडातलं पाणी होतं. मला ते ठाऊक होतं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत आले आहे. पण गोरोबांना तोंड होतं. ते एकदा बोलले आणि गप्प झाले. डॉक्टरांना डोळे होते. त्यांनी पाहिलं आणि पुढं झाले. आणि मी रेवणप्पांच्या मांडीत घुसले.

दुसऱ्या दिवशी पार्वतम्मा धावत आली. रेवणप्पांना हुडहुडी भरून ताप चढला होता. डॉक्टर घरी गेले आणि त्यांनी चादर बाजूला केली. मांडी लालभडक सुजली होती. सुई टोचली होती बरोबर त्या जागेपासून लाली पसरत निघाली होती.

"हे काय झालं वो?" पार्वतम्मानं विचारलं.

"ताप आहे," डॉक्टर म्हणाले. "उतरेल."

बस, एवढंच. खरी गोष्ट सांगायची ती वेळ होती, आणि ती निघून गेली.

बारा दिवस ताप एकशे चार-पाचच्या खाली आला नाही. त्या वेळी नव्या निघालेल्या, जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या डॉक्टरांकडं जेमतेम दहा होत्या. त्या सगळ्या दिल्या. रोज दोनदा घरी जाऊन ते स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. रेवणप्पा भ्रमात "नीरु, नीरु" म्हणून कन्नडमधून पाणी मागायचे आणि डॉक्टर चमच्यानं पाजायचे. पार्वतम्मा म्हणायची, "सख्खा भाऊ करणार न्हाय एवढं करतायत." डॉक्टर मान खाली घालायचे. तिला ते नम्रपणाचं लक्षण वाटायचं.

तेराव्या दिवशी मांडीतला पू वाहून गेला, ताप उतरला आणि रेवणप्पांनी भाकरी मागितली.

माणूस वाचला, एवढ्यावरच डॉक्टर देवाचे आभार मानत होते. पण पंधरवड्यानं त्यांनी सवयीनं बरगडीखाली हात घातला आणि दचकले. चार बोटांचा गोळा दोन बोटांवर आला होता. होळीला तो बोटांना शोधावा लागत होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रेवणप्पा स्वतःच्या पायांनी पानमळ्यात गेले आणि पानांची एक जुडी घेऊन दवाखान्यात आले.

गावात एकच बोलणं झालं. "डाक्टरच्या सुईत देव हाय." माणसं मला बघायला यायची. एका म्हातारीनं तर मला हळदकुंकू वाहिलं. कधी न मिळालेला मान मला त्या उन्हाळ्यात मिळाला. आणि तो कशाबद्दल? मी घाण होते म्हणून. घासलेट नव्हतं म्हणून. मी माझ्या डब्यात पडल्या पडल्या लाजेनं मरत होते, आणि डॉक्टर "देवाची कृपा" म्हणून हात जोडत होते.

हे घडलं कसं, याचा मात्र त्यांनी ध्यास घेतला. सोलापूरहून, हैदराबादहून जुनी वैद्यकीय मासिकं मागवली. एका दुपारी दवाखाना रिकामा असताना त्यांनी गोरोबांना हाक मारली.

"हे बघ. पन्नास वर्षांपूर्वी परदेशातल्या डॉक्टरांनी हेच पाहिलंय. कॅन्सरच्या रोग्याला धावरं झालं, आणि धावऱ्यातून जो वाचला त्याची गाठ कधीकधी विरघळली. सगळ्यांची नाही. थोड्यांची. मग त्यांनी धावऱ्याचे जंतू मारून नुसतं त्यांचं विष टोचून बघितलं."

"विषानं रोग बरा?" गोरोबा म्हणाले.

"विषानं नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या आपल्या पहारेकरी. बाहेरचा जंतू दिसला की धरतात, मारतात. पण कॅन्सरला धरत नाहीत, कारण तो बाहेरचा नाहीच. आपल्याच अंगातली बिघडलेली पेशी ती. ओळखीचा चेहरा."

"घरचाच मानूस, पर वाया गेल्याला."

"बरोबर. आणि यकृत म्हणजे आपला करोडगिरीचा नाका समज. आतड्यातून निघालेलं रक्त आधी तिथं जातं. त्यात अन्न असतं, आणि आतड्यातल्या जंतूंचं थोडंथोडं विषही असतं. रोजचंच."

गोरोबा हसले. "मंग तिथला जमादार आपल्या नाक्यावरच्यासारखा आसंल. रोजच्या गाडीवाल्याला उठून बी बघत न्हाय. हात हलवला की सुटला."

डॉक्टरांनी मासिक खाली ठेवलं. "तसंच असावं. रोजच्या रोज बोंब मारली तर नाका चालायचा कसा? म्हणून तिथले पहारेकरी डोळेझाक करायला शिकलेले. त्या डोळेझाकीत हा चोर लपला. मग धावऱ्यानं मांडीतून अशी बोंब ठोकली, की सगळं ठाणं खडबडून जागं झालं."

"आन जागं झालेल्यांनी गाड्या उघडून बघितल्या."

"असं मला वाटतं. नक्की कुणालाच माहीत नाही."

मित्रांनो, पुढं कित्येक वर्षांनी तुमच्या विज्ञानाच्या बाई याच खोलीत फळ्यावर यकृत काढून जवळजवळ हेच शिकवताना मी ऐकलं. यकृतातल्या पेशी आतड्याकडून येणारं जंतूंचं विष गाळतात, आणि सारखं भांडण नको म्हणून तिथली प्रतिकारशक्ती सबुरीनं वागते. त्याच सबुरीचा फायदा कॅन्सर घेतो. विरुपाक्ष डॉक्टर हुशार होते. पण हुशारीनं त्यांची लाज कमी केली नाही, उलट तिला लपायला जागा करून दिली. चूक झाली होती ती आता त्यांना शोध वाटू लागली.

दिवाळीनंतर ईटहून एक बैलगाडी आली. ईट म्हणजे हेच तुमचं गाव. हिंमतराव नावाचे शेतकरी तीन दिवस गाडी हाकून बायकोला, तुळजाबाईला घेऊन आले होते. तिला रेवणप्पांसारखाच गोळा होता. वय बत्तीस. घरी दोन लेकरं, ती आजीजवळ ठेवून आली होती. तुळजापूरच्या पानबाजारात हिंमतरावांनी रेवणप्पांची गोष्ट ऐकली होती.

"रेवणप्पाला दिली तीच सुई द्या, डाक्टरसाहेब," ते म्हणाले.

डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवून गोळा चाचपला. मग त्यांनी तिला चार दिवस ठेवून घेतलं. गावातल्या धावऱ्याच्या एका रोग्याच्या फोडातल्या पाण्यातले जंतू त्यांनी आधीच बाटलीत वाढवून ठेवले होते. ती बाटली गरम पाण्यात ठेवून जंतू मारले. जंतू मेले, विष उरलं. पण एका थेंबात किती विष, हे सांगायला त्यांच्याकडं ना यंत्र होतं ना कुणी जाणता माणूस. मासिकात लिहिलं होतं, की अगदी थोड्यापासून सुरुवात करावी. थोडं म्हणजे किती, ते त्यांनी अंदाजानं ठरवलं.

त्या सकाळी गोरोबांनी मला एकदा नाही, दोनदा उकळलं. माझ्यावर जिवंत जंतूचा कण नव्हता. तुळजाबाई खाटेवर बसली होती. तिनं मला बघितलं आणि विचारलं, "हीच का ती दवा? त्या पानमळेवाल्याला दिल्याली?"

डॉक्टर म्हणाले, "तीच."

गोरोबांच्या हातातला चिमटा ताटलीवर पडला. रेवणप्पाला कॅन्सरवर कुठलीही दवा दिली नव्हती, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाच माहीत होतं. तुळजाबाई हसली आणि तिनं दंड पुढं केला.

तासाभरात तिला थंडी वाजली. डॉक्टरांना वाटलं, ठाणं जागं झालं. दुपारी ताप एकशे पाचवर गेला. अजूनही त्यांना धीर होता. पण तीन वाजता तिचा ताप एकदम उतरला, हातपाय गार पडले, ओठ निळे झाले. नाडी बोटाखाली लागेना. पहारेकरी जागे झाले होते खरे, पण बोंब इतकी मोठी झाली की त्यांनी घरभर आगी लावल्या. असं झालं की रक्ताच्या नळ्या सैल पडतात, गळायला लागतात, रक्ताचा जोर जातो आणि काळजाला पुरेनासं होतं. जंतू मेलेले असले तरी त्यांचं विष एवढं करू शकतं. आधीच खंगलेल्या शरीरानं ते सोसायचं तरी कसं? डॉक्टरांनी जे जे होतं ते माझ्यातून दिलं. दिवस मावळायच्या आत तुळजाबाई गेली.

हिंमतराव खाटेच्या पायथ्याशी बसले होते. खूप वेळानं उठले, डॉक्टरांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "तुमी लई केलं. आमचंच नशीब खोटं."

डॉक्टरांनी त्यांना उठवलं. खरं मात्र सांगितलं नाही. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी घटका ती. माणूस शिव्या देतो तेव्हा सोसता येतं. तो पाया पडला.

त्यानंतर महिनाभर दवाखाना नेहमीसारखा चालू राहिला. डॉक्टर नीट जेवत नसत. एके सकाळी गोरोबांनी स्टोव्ह पेटवलाच नाही. ते डॉक्टरांसमोर येऊन उभे राहिले.

"म्या कुणाला बोललो न्हाय, डाक्टरसाब. पर आता पोटात ठिववत न्हाय. तुमच्या तोंडून निघालं तर बरं व्हईल. माज्या तोंडून निघालं तर ती चुगली व्हईल."

डॉक्टरांनी आधी पानमळ्यात जाऊन रेवणप्पांना सगळं सांगितलं. रेवणप्पा पानं खुडत होते. ऐकून त्यांचा हात थांबला. "म्हंजी म्या चुकून वाचलो?" ते म्हणाले, आणि पुन्हा पानं खुडू लागले.

मग डॉक्टरांनी मला डब्यासकट पिशवीत घातलं आणि दोन मोटारी बदलून, शेवटचा टप्पा बैलगाडीनं, ते ईटला आले. हिंमतराव शेतात होते. ओसरीवर त्यांची आई, धुरपदाबाई, तूर पाखडत बसली होती. तुळजाबाई तिच्या सख्ख्या भावाची लेक. शेजारी दोन लेकरं दाणे वेचत होती. हिंमतरावांना बोलावणं गेलं. ते आले आणि नळदुर्गचे डॉक्टर एवढ्या लांब आलेले बघून त्यांना भरूनच आलं. "आई, हेच ते डाक्टर," ते म्हणाले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "आधी ऐका."

त्यांनी मला डब्यातून काढून जमिनीवर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. घासलेट, गाडीवान, धावरं, रेवणप्पांची मांडी. मग बाटली, अंदाजानं मोजलेलं विष, आणि तो एक शब्द, "तीच". त्यांनी काही गाळलं नाही.

हिंमतराव उठले. क्षणभर मला वाटलं ते आता डॉक्टरांवर हात टाकणार. पण ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांची पाठ हलू लागली.

धुरपदाबाईनं मला उचललं. तिच्या हाताला तुरीची धूळ होती. तिनं मला उलटसुलट करून बघितलं.

"तिला इचारलं व्हतं का?" ती म्हणाली.

"काय?"

"की बाई, ह्यानं तू मरशील बी. घ्यायचं का न्हाय? आसं इचारलं व्हतं का माज्या तुळजाला?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "विचारलं नाही."

"ती घेती म्हनली आसती," म्हातारी म्हणाली. "लेकरांसाठी तिनं काय बी घेतलं आसतं. पर तिला ठाव पायजे व्हतं. मरताना बी तिला वाटलं आसंल, की आपुन बरं व्हतोय."

डॉक्टरांनी ओंजळीत तोंड घातलं. धुरपदाबाईनं मला पदरानं पुसलं, भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि म्हणाली, "ही हितंच राहू द्या. जावा आता तुमी."

अशी मी ईटला राहिले. माझं काम संपलं. देवळीत वर्षानुवर्षं माझ्यावर धूळ साचली, दट्ट्या नळीत अडकून बसला. मी कुणाला दोष दिला नाही.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्या हिवाळ्यात डॉक्टर विरुपाक्ष पुन्हा ईटला आले. केस पिकले होते. धुरपदाबाई त्याच ओसरीवर होती. तिनं त्यांना ओळखलं, पण बसा म्हणाली नाही. ते पायरीशी उभे राहूनच बोलले.

"रेवणप्पा गेले, आई. चार वर्षं चांगली गेली त्यांची. मग गोळा परत आला. मला म्हणाले, डाक्टर, आणखी एकदा चुका की."

"मग?"

"मी त्यांना तुळजाबाईंचं नाव घेऊन पुन्हा सगळं सांगितलं. म्हटलं, मोजायचं कसं ते मला येत नाही. वाचवीन का मारीन, मला माहीत नाही. म्हणून मी देणार नाही. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नेतो म्हटलं, तर ते मळा सोडायला तयार नव्हते. आणि राज्य उलथायच्या त्या धामधुमीत रस्तेही सुरक्षित नव्हते."

"रागावला आसंल."

"रागावले. आठ दिवस बोलले नाहीत. मग दुखायला लागलं तेव्हा बोलावलं. शेवटपर्यंत दुखू दिलं नाही त्यांना. तेवढं केलं."

धुरपदाबाईनं अंगणाकडं पाहिलं. "त्याला जगायचं व्हतं," ती म्हणाली. "रागावंलच की." मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "पाय धुवा. जेवून जावा."

डॉक्टर पायरीवर बसले आणि पाय धुवायचे विसरून तांब्या हातात धरून राहिले.

मित्रांनो, पुढं तुळजाबाईच्या लेकीनं मला शाळेला दिलं. आता अंगातल्या पहारेकऱ्यांना जागं करणारी औषधं खरोखरच निघाली आहेत, असं बाई सांगतात. ती मोजून देतात, आधी कसून पारखून घेतात आणि रोग्याला सगळं सांगून त्याची संमती घेतात. तरीही ती सगळ्यांना लागू पडत नाहीत. तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी नर्स होईल, कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नुसती गोळी देईल. देण्याआधी हत्यार स्वच्छ करा, हे तर कराच. पण जे ठाऊक नाही ते "ठाऊक नाही" म्हणून सांगा. आणि हातून चूक झाली तर ती त्याच दिवशी सांगा, लोक तिला चमत्कार म्हणायला लागायच्या आधी. मला कुणी हळदकुंकू वाहिलं नसतं, तर चाललं असतं. तुळजाबाईनं दंड पुढं केला तेव्हा तिला खरं माहीत असायला हवं होतं.